आरीच्या टप्प्यातला शेजारी

श्रोतेहो, नमस्कार. मराठवाड्यात बांधाच्या भांडणाची ओळख करून द्यावी लागत नाही. नांगराच्या एका तासाने शेजाऱ्याचा बांध कोरला गेला की मोजणी, पंचनामा आणि तारखा यांत दोन-दोन पिढ्या खर्ची पडतात. ज्या काळ्या मातीवरून हे सारे चालते, तिच्या लहानशा ढेकळात कोट्यवधी जिवाणू राहतात, आणि जागेवरून व अन्नावरून त्यांच्यातही तंटा चालू असतो. त्यांच्या तंट्यात तारखा पडत नाहीत, एवढाच फरक. आज त्यांच्या हत्यारांविषयी बोलावयाचे आहे.

जिवाणूंची काही हत्यारे दुरून चालणारी असतात. विरजण लागलेल्या दुधात दह्याचे जिवाणू लॅक्टिक आम्ल सोडतात आणि त्या आंबटपणात इतर अनेकांना वाढता येत नाही. जमिनीतील स्ट्रेप्टोमायसिस प्रतिजैविके सोडतात. मात्र असे बाहेर सोडलेले द्रव्य पसरते, पातळ होते, पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून काही जिवाणूंमध्ये दुसरीच सोय आढळते: विष मोकळे न सोडता ते लगतच्या पेशीत थेट नेऊन भरावयाचे. पेशीतील प्रथिने पडद्यांपलीकडे नेणाऱ्या अशा यंत्रांना स्राव यंत्रणा म्हणतात आणि त्यांचे प्रकार क्रमांकांनी ओळखले जातात.

कागदी लिंबाच्या पानांवर आणि फळांवर खडबडीत तपकिरी फोड आणणारा खैऱ्या रोग आपल्या बागाईतदारांना चांगला ठाऊक आहे. तो घडवणारा झँथोमोनास जिवाणू तिसऱ्या प्रकारच्या यंत्रणेने लिंबाच्या पेशीत आपली प्रथिने टोचतो. त्याच जिवाणूकडे चौथ्या प्रकारची यंत्रणाही असते, आणि ती तो झाडावर नव्हे तर अंगाला लागलेल्या परक्या जिवाणूंना मारण्यासाठी वापरतो, असे ब्राझीलमधील संशोधकांनी 2015 साली दाखवले.

परंतु या सर्वांत सहाव्या प्रकारच्या यंत्रणेची घडण मला अधिक विलक्षण वाटते. तिची ओळख 2006 साली हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातील जॉन मेकलानोस यांच्या प्रयोगशाळेतून जगाला झाली, तीही पटकीच्या जिवाणूत. ज्या पटकीच्या भयाने आपल्याकडे गावोगावी वेशीबाहेर मरीआईचे ठाणे असे, तीच ही पटकी. त्या वेळी पटकीचा जिवाणू या यंत्रणेने आपल्याला खाऊ पाहणाऱ्या अमीबाला मारतो, एवढे कळले होते. तिचा मारा मुख्यतः शेजारच्या जिवाणूंवर असतो, हे पुढील काही वर्षांत उलगडत गेले.

ही यंत्रणा कशी चालते, ते सांगतो. बैल हाकण्याच्या पराणीला टोकाशी लोखंडी आर असते, ती डोळ्यांसमोर आणावी. जिवाणूच्या पेशीत प्रथिनांची एक पोकळ नळी असते, नळीच्या टोकाला अणकुचीदार आर असते, आणि विष त्या आरीला जोडलेले किंवा नळीत भरलेले असते. नळीभोवती म्यान असते. हे म्यान ताणलेल्या स्थितीत रचले जाते आणि चाप ओढल्यासारखे एकाएकी आकसते; त्याची लांबी जवळजवळ निम्मी होते आणि आतली नळी आरीसकट बाहेर फेकली जाऊन शेजाऱ्याच्या अंगात घुसते. म्यानाला चमकणारे प्रथिन जोडून 2012 साली हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले, तेव्हा हे आकसणे एका सेकंदाच्या दोनशेव्या भागाहूनही कमी वेळात होते, असे दिसले. पापणी लवण्यास याच्या कितीतरी पट वेळ लागतो. जिवाणूंवर पोसणारे फेज नावाचे विषाणू याच रीतीच्या शेपटीने आपले जनुकीय द्रव्य जिवाणूत सोडतात, आणि दोन्ही यंत्रांचे भाग इतके जुळतात की त्यांचे मूळ एकच असावे असे मानले जाते. फेकलेली नळी वाया जाते. म्यान मात्र एक स्वतंत्र प्रथिन ऊर्जा खर्चून सुटे करते आणि त्याच तुकड्यांतून नवे म्यान रचले जाते. शेतकऱ्याच्या घरी मोडलेल्या तिफणीचे लाकूड सहसा फेकून देत नाहीत, तशातला हा प्रकार.

आत गेलेले विष कधी शेजाऱ्याची पेशीभित्तिका विरघळवते, कधी पडदा फोडते, कधी डीएनए तोडते. मग मारणारा स्वतः कसा वाचतो? प्रत्येक विषाबरोबर त्याचा उतारा असलेले प्रथिनही तो तयार करतो, आणि दोहोंची जनुके सहसा शेजारी शेजारी असतात. त्यामुळे एकाच वंशाच्या पेशींनी एकमेकींना आर टोचली तरी काही बिघडत नाही. उतारा नसलेला परका तेवढा मरतो. आपल्याकडे बांधाचा दावा बहुधा भावकीतच लागतो, तर येथे भावकीलाच अभय आहे.

सर्व जिवाणू हे हत्यार सारख्या रीतीने चालवत नाहीत. पटकीचा जिवाणू नेम न धरता मारत सुटतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा मात्र संयमी आहे. मारेक बास्लर आणि मेकलानोस यांनी 2013 साली दाखवले की शेजाऱ्याने आर टोचली तर स्यूडोमोनास नेमक्या त्याच बाजूला आपली आर रोखतो, आणि ज्या पटकीच्या जिवाणूंची यंत्रणा निकामी केली होती त्यांच्या वाटेस तो गेला नाही. पटकीच्या जिवाणूचा हिशेब आणखी पुढचा आहे. खेकडे-कोळंबीसारख्या जलचरांच्या कवचातील कायटिनवर वाढताना त्याच्यात दोन गोष्टी एकदम जाग्या होतात: एक ही आर, आणि दुसरी बाहेरचा डीएनए आत ओढून घेण्याची क्षमता. म्हणजे शेजाऱ्याला फोडावयाचे आणि त्याची सांडलेली जनुके उचलून आपल्या दप्तरी लावावयाची. प्रतिजैविकांना दाद न देण्याचे जनुक या वाटेने एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, म्हणून वैद्यकालाही या वैराकडे लक्ष द्यावे लागते.

आर शेजाऱ्याला अंग लागल्यावाचून पोहोचत नाही. पातळ द्रवात सुट्या तरंगणाऱ्या पेशींत ती फारशी उपयोगी पडत नाही. जेथे पेशी दाटीने चिकटून बसतात, तेथे तिचा खरा मारा होतो. पिकाचे मूळ ही अशीच दाटीची जागा आहे. आपण तूर, सोयाबीन, हरभरा यांच्या बियाण्याला रायझोबियम चोळतो. या रायझोबियमच्या एका वाणात सहाव्या यंत्रणेची जनुके 2003 सालीच, म्हणजे यंत्रणेला नाव मिळण्यापूर्वी, आढळली होती. ती बंद केल्यावर तो वाण, ज्या वाटाण्यावर पूर्वी नत्र देणाऱ्या गाठी धरत नव्हता, त्यावर त्या धरू लागला. हत्यार जवळ असणे दर वेळी फायद्याचेच असते असे नाही, हे यावरून दिसते. उलट बाजूची नोंद 2017 सालची, लंडनमधील. मुळांजवळ राहणारा स्यूडोमोनास पुटिडा सहाव्या यंत्रणेने रोगकारक झँथोमोनासला मारतो आणि प्रयोगातील तंबाखूवर्गीय रोपांच्या पानांवरील रोग कमी करतो, असे तेथे दिसले. हे नियंत्रित रोपांवरचे काम आहे, त्यामुळे त्याच्या आधारे कोणी बाटलीवर आश्वासन छापले तर ते तूर्त मानू नये. काळ्या मातीत आपण चोळलेल्या जिवाणूला मुळाशी पोहोचल्यावर तेथे आधीपासून ठाण मांडून बसलेले मूळ रहिवासी भेटतात, आणि त्यांच्यातील काहींची आर आधीच ताणलेली असते.