आपल्याकडे चंद्र समुद्रातून उगवत नाही

(राजहंसगड, पूर्वेचा तट. कोजागरीची संध्याकाळ.)

समुद्रातून वर येणारा पौर्णिमेचा चंद्र टिपायचा, म्हणून बेळगावातून कारवारला निघायचं ठरलं होतं. तिकडे गाडीत सामान भरणं चालू होतं, इकडे कुणीतरी नकाशा उघडला आणि सगळे हसत सुटले. चंद्र उगवणार पूर्वेला. आपला समुद्र पश्चिमेला. कारवार असो, गोवा असो की मालवण, संध्याकाळी लाटांकडे तोंड करून बसलात तर चंद्र तुमच्या पाठीमागून, डोंगरावरून येणार. समुद्रातूनच हवा असेल तर पुरी गाठा, नाहीतर चेन्नई. कन्याकुमारीची तर गंमतच. चैत्री पौर्णिमेला एकीकडे सूर्य बुडतो आणि दुसरीकडे चंद्र निघतो.

मग बेत बदलला. उगवताना बघायचा इथं, येळ्ळूरच्या या राजहंसगडावरून. मावळताना कारवारात.

(भातशिवार. लोंबी, अगदी जवळून.)

खाली येळ्ळूरचं शिवार. भात लोंबीला आलंय. गडावर सिद्धेश्वराच्या देवळात घंटा वाजतेय, आणि मागे सूर्य टेकलाय. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या दोन बाजूंना, समोरासमोर असतात. म्हणून एक मावळायला आणि दुसरा उगवायला साधारण एकच वेळ. उद्या याच जागी आलात तर ताटकळाल. रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो तो.

(चंद्रोदय. सलग.)

हा तुकडा कुठंही कापलेला नाही. पहिली कड दिसल्यापासून पूर्ण बिंब वर यायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. बघा.

(शांतता.)

तळाशी चपटा दिसतोय ना? क्षितिजापाशी हवेचा थर जाड असतो आणि तो प्रकाश वाकवतो. खालच्या कडेचा जास्त, वरच्या कडेचा कमी. बिंब नुकतं क्षितिजावर टेकलेलं दिसतं, तेव्हा खरा चंद्र अजून क्षितिजाखालीच असतो. तांबूस रंगही त्याच हवेचा. निळा उजेड ती वाटेतच विखरून टाकते.

आमच्याबरोबर आलेले येळ्ळूरचे एक आजोबा म्हणाले, "वर चढला की आकसतोय की ओ तो." आकसत नाही. भाताचा एक दाणा घ्या, हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटून दाणा चंद्रावर आडवा धरा. दाण्याच्या लांबीत चंद्र मावतो. आजोबांनी आत्ता धरून बघितला, मग दहा वाजता, दुधाचा पेला खाली ठेवून, पुन्हा धरला. तेवढाच. चंद्र मोठा भासतो तो आपल्याच नजरेला, आणि तसं का होतं यावर जाणकारांचं अजून पुरतं एकमत नाही.

(गडावरून शहराकडे.)

हे दिवे वर्षावर्षाला वाढताहेत. चंद्र दिसतो, पण शिवारावर पडलेलं चांदणं आता शोधावं लागतं.

(कारवार. पहाट.)

घाट उतरतानाचं चित्रण नाही. कॅमेरावाला झोपला होता.

हा कारवारचा किनारा. इथे सत्येंद्रनाथ टागोर न्यायाधीश होते, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ रवींद्रनाथ येऊन राहिले होते. किनाऱ्याला आज त्यांचंच नाव आहे.

पाणी मागे सरलंय. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, त्यामुळे उधाण मोठं आणि ओहोटीही खोल. समोर चंद्र, कालच्यासारखाच तांबूस. त्याच्या खाली, पाण्याला लागून, तो राखाडी-निळा पट्टा नीट बघा. ढग नाही तो. ती पृथ्वीची सावली आहे, समोरच्या हवेवर पडलेली. मागून सूर्य वर सरकतो तशी ती खाली खाली जाते आणि वरची गुलाबी कड तिच्यामागून उतरते.

चंद्र पाण्याला टेकताना दिसेल म्हणून आम्ही लेन्स लावून बसलो होतो. टेकला नाही. पाण्याच्या बोटभर वरच, दमट हवेच्या धुरकटीत, आधी फिका झाला आणि मग दिसेनासा झाला. तोवर डावीकडे रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं जमली होती, आणि त्यांच्यापैकी एकही तिकडे बघत नव्हता.