काय दिसलं ते लिही

नमस्कार, श्रोतेहो.

‘आकाशवाणी’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय, की तो आला कुठून असा प्रश्न पडत नाही. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात एम. व्ही. गोपालस्वामी नावाचे प्राध्यापक होते. १९३० च्या दशकात त्यांनी राहत्या घरी एक लहानसं रेडिओ केंद्र उभं केलं आणि त्याला आकाशवाणी म्हटलं. पुढे देशाच्या रेडिओनं ते नाव घेतलं. हे गोपालस्वामी शिकवायचे मानसशास्त्र. लंडनला स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकून आले होते. तोच विषय मी गेली बरीच वर्षं शिकवते आहे, त्यामुळे इथे बोलायला बसताना माहेरी आल्यासारखं वाटतं.

बारावीचा निकाल लागला की मुलं विचारायला येतात, बरोबर आईवडील असतात. ‘मॅडम, हा विषय घेतला की समोरच्याच्या मनातलं कळतं का?’ दरवर्षी हाच प्रश्न. उत्तर म्हणून मी त्यांना माझं पहिलं प्रात्यक्षिक सांगते.

प्रयोगशाळेत टेबलावर एक चांदणी आखलेली असते, दुहेरी रेघांची. समोर आरसा, आणि हातावर आडोसा, म्हणजे आपला हात आपल्याला थेट दिसत नाही. आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. रेघेला लागली की चूक. सोपं वाटतं ना? पहिल्याच कोपऱ्यावर हात उलट्या दिशेला जातो आणि तिथेच अडकून बसतो. या प्रयोगात उजव्या हाताला सराव द्यायचा आणि तो डाव्या हातात किती उतरतो ते मोजायचं. गंमत म्हणजे उतरतो, पुष्कळ उतरतो.

ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला आमच्या भाषेत ‘प्रयुक्त’ म्हणतात. त्या दिवशी प्रयुक्त होती माझी मैत्रीण आणि प्रयोगकर्ती मी. स्टॉपवॉच धरायचं, चुका मोजायच्या आणि प्रयुक्ताचं वर्तन टिपून ठेवायचं. मी जर्नलमध्ये लिहिलं, ‘प्रयुक्त चिडली.’ बाईंनी लाल पेननं ते खोडलं. म्हणाल्या, ‘चिडली हे तुला कुठे दिसलं? काय दिसलं ते लिही.’

मी पुन्हा आठवून लिहिलं. ओठ दाबून धरले होते. पेन्सिल तीनदा उचलली. चौथ्या फेरीनंतर खुर्ची मागे सरकवली. मग मैत्रिणीला तिचा अनुभव विचारला, कारण तोही नोंदवावा लागतो. ती म्हणाली, ‘चिडले नव्हते गं, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. हात कापत होता.’

त्या एका खोडलेल्या शब्दानं मला हा विषय कळला.

घरी आपण काय बोलतो ते आठवा. मुलगा आळशी झालाय. सुनेला माणसं नकोत. बाबा हल्ली हेकेखोर झालेत. यातलं डोळ्यांना दिसलेलं किती आणि आपण जोडलेलं किती? मुलगा संध्याकाळी अभ्यासाला बसत नाही, हे दिसलेलं. आळशी, हे आपण जोडलेलं. मध्ये झोप असेल, फळ्यावरचं नीट दिसत नसेल, वर्गात कुणी त्रास देत असेल. नाव ठेवलं की शोध थांबतो. म्हणून पालक भेटायला आले की मी आधी विचारते, काय दिसलं ते सांगा.

याच कारणासाठी आम्हाला संख्याशास्त्र लागतं. कला शाखा म्हणून आलेली मुलं प्रमाण विचलनापाशी, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्या मापापाशी, येऊन थबकतात, काही तिथूनच विषय सोडतात, आणि मला फार वाईट वाटतं. एका माणसाला एकदा पाहून ठरवू नये, हे नुसतं तोंडानं सांगून भागत नाही. किती जणांना, किती वेळा पाहिलं याचा हिशोब मांडावा लागतो.

जर्मनीत लाइपझिगला वुंट या शास्त्रज्ञांनी १८७९ साली प्रयोगशाळा काढली, तिथून हा विषय विद्यापीठात रुजला. आपल्याकडे कोलकाता विद्यापीठात १९१६ मध्ये विभाग सुरू झाला. मला मात्र धारवाड जास्त जवळचं वाटतं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार केलेली बुद्धिमापन चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली. नुसती भाषांतरित केली असती तर पॅरिसच्या मुलाचं माप आपल्या मुलाला लागलं असतं. त्यांनी इथल्या मुलांवर ती तपासून घेतली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. स्वतः बिने यांचं म्हणणं होतं की बुद्धी हा कायमचा ठरून गेलेला आकडा नाही. चाचणी काढली होती ती ज्याला जास्त मदत हवी ते मूल सापडावं म्हणून. ‘मठ्ठ’ म्हणून बाजूला बसवायला नव्हे. हे मला अगदी पोटतिडकीनं सांगावंसं वाटतं, कारण चाचणीचा कागद हातात घेऊन रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

मापाचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१० मध्ये हेन्रिक या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मानसशास्त्राच्या नावाजलेल्या नियतकालिकांत ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांतले ९६ टक्के लोक जगाच्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतले होते. मग पुस्तकात ‘माणूस’ लिहिलंय तो माणूस कोण? आपल्या बाजारात, शेतावर, एसटीच्या रांगेत उभी असलेली माणसं त्यात यायला हवीत, आणि ती आणायला इथलीच मुलं लागतील.

पुढे काय, हेही पालक विचारतात. थोडक्यात सांगते. मनोविकारतज्ज्ञ आधी एमबीबीएस होतो आणि औषधं देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्राच्या वाटेनं येतो, पण नुसत्या पदवीवर नाही. पुढचं विशेष प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

आता एक प्रयोग. १९३५ साली स्ट्रूप यांनी केलेला, घरी करता येतो. कागदावर रंगांची नावं लिहा, पण शाई दुसरी वापरा. ‘लाल’ निळ्या शाईनं, ‘हिरवा’ लाल शाईनं, असे वीस शब्द. घरातल्या मोठ्या माणसाला शब्द न वाचता भराभर शाईचा रंग सांगायला लावा. जीभ अडखळेल, कारण वाचता येणाऱ्याला न वाचणं जमत नाही. मग तोच कागद अजून अक्षर न ओळखणाऱ्या, पण रंग ओळखणाऱ्या नातवाला द्या. दोघांचाही वेळ घड्याळात बघा आणि लिहून ठेवा. सेकंद आणि चुका, एवढंच लिहा. हुशार, वेंधळा, असलं काही नको.

नमस्कार.