आधी किल्ली की आधी कपाट : बडोद्याच्या मराठी घरांतील इंग्रजी

बडोद्यात 1908 साली स्थापन झालेल्या बँकेचे नाव आज देशभर पाट्यांवर दिसते : बँक ऑफ बडोदा. याच शहरात 1949 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे नावही त्याच घडणीचे आहे : महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बडोदा. दोन्ही नावांत आधी मुख्य नाम येते, मग 'ऑफ' आणि शेवटी गाव. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी माणूस हाच संबंध उलट्या क्रमाने सांगतो. तो बडोद्याची बँक म्हणतो, बडोद्याचे विद्यापीठ म्हणतो, बडोद्याचा राजवाडा म्हणतो. आपला प्रत्यय पुढच्या नामाचे लिंग आणि वचन पाहून ची, चे, चा असा बदलत जातो. इंग्रजीतला 'ऑफ' मात्र कोणत्याही नामासाठी बदलत नाही.

इंग्रजी पूर्वी अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीची रूपे होती आणि 'ऑफ' या शब्दाचा मुख्य अर्थ 'पासून दूर' असा होता. पुढच्या काही शतकांत ती रूपे झिजली आणि षष्ठीचे बरेचसे काम 'ऑफ'कडे आले. जुन्या षष्ठीची एकच खूण आज उरली आहे : 'रामाज बुक' म्हणताना उच्चारला जाणारा शेवटचा 'स' किंवा 'झ'. बाकीचा भार प्रिपोझिशनवर, म्हणजे 'ऑफ', 'इन', 'टु' अशा नामाआधी येणाऱ्या शब्दांवर आहे, आणि तो किती मोठा आहे हे 1999 साली भाषाशास्त्रज्ञ डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चार कोटी शब्दांच्या संग्रहावर आधारलेल्या व्याकरणात दाखवून दिले. नामानंतर येऊन त्याची माहिती देणाऱ्या रचनांमध्ये प्रिपोझिशनने सुरू होणारा शब्दगट सर्वाधिक आढळतो. संभाषण असो, वर्तमानपत्र असो की शास्त्रीय लेखन.

आता रावपुऱ्यातल्या एखाद्या घरात डोकावू या. आजी नातीला सांगते, "अगं, देवघरामागच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली आण बघू." नात इंग्रजी माध्यमात शिकते आणि हेच वाक्य तिला इंग्रजीत मांडायचे आहे. तिला शेवटापासून सुरुवात करावी लागते : 'द की टु द कपर्ड इन द रूम बिहाइंड द प्रेयर रूम.' मराठीत ऐकणारा आधी देवघरापाशी जातो, मग खोलीत, मग कपाटाजवळ, आणि किल्ली सर्वांत शेवटी हाती येते. इंग्रजीत किल्ली पहिल्याच शब्दाला मिळते आणि ती कुठली हे नंतर कळत जाते. शब्दांचा हा क्रम उलटवणे मुलांना काही काळाने जमते. खरी अडचण पुढे आहे.

ती अडचण 'खोलीत' आणि 'खोलीतल्या' या दोन रूपांतल्या फरकात आहे. मराठीत 'टेबलावर' हे रूप क्रियापदाशी जोडले जाते आणि नामाशी जोडायचे झाले की त्याचे 'टेबलावरचे' होते. 'साठी'चे 'साठीचा', 'बद्दल'चे 'बद्दलची', 'मागे'चे 'मागचा' होते. कोणता शब्द नामाचा आणि कोणता क्रियेचा, हे आपल्याकडे शब्दाच्या अंगावरच लिहिलेले असते. इंग्रजीत तशी खूण नाही. 'शी फाउंड द लेटर ऑन द टेबल' या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एक, तिला टेबलावर पत्र सापडले; दुसरा, टेबलावरचे पत्र तिला सापडले, मग ते कुठेही सापडलेले असो. मराठी एका 'चे'ने हे दोन अर्थ वेगळे करते, तर इंग्रजी वाचकाला संदर्भ शोधावा लागतो.

बडोद्यात या सवयीला दुहेरी बळ मिळते, कारण घराबाहेर कानावर पडणारी गुजरातीही तशीच चालते. शेजारच्या बाई 'टेबल परनी चोपडी' म्हणतात, तेव्हा त्यातला 'नी' नेमके आपल्या 'ची'चे काम करतो. म्हणजे इथल्या मराठी मुलाच्या दोन्ही भाषा त्याला एकाच वळणावर नेतात, आणि ते वळण तिसऱ्या भाषेत नाही. माझ्या मते, मुलांच्या इंग्रजीवर नुसत्या तांबड्या रेघा ओढण्याआधी शिक्षकांनी ही गोष्ट समजून घेणे फार आवश्यक आहे. मूल निष्काळजी नसते. त्याने लहानपणापासून पाळलेला एक काटेकोर नियम इंग्रजीत त्याच्या कामी येत नसतो.

यापुढचा प्रश्न निवडीचा आहे. आपल्या 'चा-ची-चे'ने इतके संबंध सांभाळले जातात की त्या प्रत्येकासाठी 'ऑफ' हाच शब्द जिभेवर येतो. प्रश्नाचे उत्तर, म्हणून 'आन्सर ऑफ द क्वेश्चन'. कपाटाची किल्ली, म्हणून 'की ऑफ द कपर्ड'. इंग्रजीत या दोन्ही नामांना 'टु' लागतो, आणि 'सोल्यूशन', 'एन्ट्रन्स', 'डॅमेज' यांनाही तोच लागतो. 'कॉज' या नामाला 'ऑफ' चालतो, पण अर्थाने त्याच्या अगदी जवळ असलेल्या 'रीझन'ला 'फॉर' हवा असतो. मराठीत दोन्हीकडे 'कारण' हाच शब्द येत असल्याने हा भेद आपल्याला आतून सुचत नाही. तो नामाबरोबरच पाठ करावा लागतो. काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषा सोबत चालतात. पगारातली वाढ म्हणजे 'इन्क्रीज इन सॅलरी' आणि दोन हजारांची वाढ म्हणजे 'इन्क्रीज ऑफ टू थाउजंड'. वाढ कशात झाली आणि किती झाली, हा फरक मराठीही तितक्याच नेमकेपणाने करते.

क्रियापदाचे नाम झाले की नियम पालटतो, आणि येथे सुशिक्षित माणसेही अडखळतात. 'डिस्कस' या क्रियापदाला प्रिपोझिशन लागत नाही, पण 'डिस्कशन' या नामाला 'ऑफ', 'ऑन' किंवा 'अबाउट' लागतो. सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त लिहिताना 'वुई डिस्कस्ड अबाउट द वॉटर टँक' असे लिहिले जाते ते यामुळे. आपण मराठीत पाण्याच्या टाकीविषयी चर्चा करतो. तिथे 'चर्चा' हे नाम आहे आणि 'विषयी' त्याच नामाला धरून येतो. इंग्रजीत नाम जाऊन क्रियापद येते, तरी 'विषयी' हातातून सुटत नाही. 'एम्फसाइझ' आणि 'एम्फसिस ऑन', 'डिमांड' हे क्रियापद आणि 'डिमांड फॉर' हे नाम, या जोड्यांतही हेच घडते.

मराठीला प्रत्येक भेद स्पष्ट दाखवता येतो, असेही नाही. सकाळी कोणी 'चहाचा कप' म्हटले, तर कपात चहा आहे की तो चहासाठी ठेवलेला रिकामा कप आहे, हे त्या दोन शब्दांवरून ठरत नाही. इंग्रजीत 'अ कप ऑफ टी' भरलेला असतो आणि 'टीकप' हा कपाचा प्रकार असतो. दोन नामे शेजारी ठेवली की जात किंवा उपयोग कळतो आणि मध्ये 'ऑफ' आला की आत काय आहे ते कळते. ही सोय आपल्या षष्ठीत नाही.

नामानंतर असा शब्दगट लांबत गेला की आणखी एक चूक होते, आणि ती इंग्रजी मातृभाषा असलेल्यांकडूनही होते. निकालाच्या दिवशी वर्गशिक्षकांच्या सूचनेत 'द लिस्ट ऑफ द सिलेक्टेड स्टुडंट्स आर ऑन द बोर्ड' असे वाक्य सहज लिहिले जाते. मराठीत 'निवडलेल्या विद्यार्थ्यांची यादी' म्हणताना 'यादी' हे मुख्य नाम सर्वांत शेवटी, क्रियापदाच्या बाजूला असते, त्यामुळे 'यादी लागली आहे' हे एकवचन आपोआप जुळते. इंग्रजीत मुख्य नाम मागे राहते आणि क्रियापदाला खेटून 'स्टुडंट्स' हे अनेकवचन उभे असते. यावर एक सोपा उपाय आहे. 'ऑफ'पासून सुरू होणारा गट बोटाने झाकावा आणि उरलेले वाक्य वाचावे. 'द लिस्ट' एवढेच उरले की 'इज' आपोआप तोंडी येते. 'द प्राइस ऑफ अनियन्स' झाकून पाहिले तरी तसेच होते : कांदे कितीही असले, तरी भाव एकच आहे आणि क्रियापद त्या भावाचे आहे.