जुना ट्रॅक्टर, उष्णता, आवाज आणि "सवय झाली"

नमस्कार मंडळी. केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर दिवसभर बसायचं, तर गरम हवेचं आणि आवाजाचं काय करायचं, हे तुम्ही सारखं विचारताय.

उष्णतेचं पटकन सांगतो. पंखा रेडिएटरची गरम हवा इंजिनवरून आपल्याच अंगावर ढकलतो. जाळीत भुसा अडकला की इंजिन आणखी तापतं. म्हणून रोज, इंजिन थंड झाल्यावर, पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारून जाळी साफ करा. झालं.

आता आवाज. यावर निम्म्या कॉमेंट एकच असतात: "सवय झाली." अहो, कानाला सवय होत नाही! कानातल्या बारीक केसपेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत.

माझे वडील संध्याकाळी शेतातून आले की टीव्हीचा आवाज वाढवायचे. सकाळी तोच टीव्ही लावला की सगळं घर दचकायचं. रात्री कान बधिर, सकाळी मोकळे. आम्हाला वाटायचं, थकवा असेल. पुढे सकाळीही तेवढाच आवाज लागायला लागला. मग म्हणायचे, "तू बोलतोस ते ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत." स, श असले बारीक आवाज आधी जातात. याला सवय म्हणायचं?

आकड्यांत बघा. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला फक्त १ तास, आणि जुना ट्रॅक्टर ओढकामात तिथे सहज पोहोचतो. तुमच्या सवयीने हा हिशोब बदलत नाही.

एकाने विचारलंय, पत्र्याचं छत टाकल्यावर आवाज वाढला का? हो, वाढतो. इंजिनचा आवाज पत्र्यावर आपटून कानाशी येतो. सायलेन्सरला गंजून भोक पडलंय का, मडगार्ड ढिलं आहे का, तेही बघा.

आणि कानात कापूस नको, त्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचे प्लग घ्या. प्लग बोटांत वळून बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, मग प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. घाईत हेच धरणं राहतं आणि प्लग बाहेर सरकतो.

इंजिन चालू करून दोन्ही कानांवर तळवे दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. काढा, परत वळा, परत घाला.