दुकान कुठंही असो, गिऱ्हाईक कुठं बसलंय?

25 मे 2018. पॅरिसमध्ये कुणी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ची वेबसाइट उघडली, तर बातम्यांच्या जागी निरोप होता: बहुतेक युरोपीय देशांत ही साइट सध्या बंद आहे. त्याच दिवशी युरोपचा माहिती-संरक्षण कायदा, जीडीपीआर, लागू झाला होता. कॅलिफोर्नियातल्या पेपरनं सरळ दारच लावून घेतलं!

धसका होता कलम 3 चा. कंपनीचं ऑफिस युरोपात नसलं तरी युरोपीय संघात असलेल्या माणसाला तुम्ही माल किंवा सेवा देऊ करत असाल, किंवा तो तिथं काय करतो यावर नजर ठेवत असाल, तर कायदा लागू. पासपोर्ट कुणी विचारत नाही. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पुण्याच्या मुलीलाही तोच हक्क.

(दृश्य: गोव्यातलं एक गेस्ट हाऊस. काउंटरवर उघडी नोंदवही, दोरीला बांधलेलं पेन.)

फ्रान्सचा पाहुणा पाठीवर पिशवी टाकून आला, वहीत नाव-पत्ता लिहून खोलीवर गेला. इथं जीडीपीआरचा संबंध नाही. पण याच मालकानं फ्रेंचमध्ये पान काढलं, भाडं युरोत लावलं आणि पाहुण्यानं पॅरिसमधूनच खोली घेतली, तर संबंध आला. नुसती साइट तिकडं उघडते म्हणून कुणी अडकत नाही, हे कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय. एवढं वाचलं असतं, तर अर्धी घबराट तिथंच विरली असती.

नजर ठेवण्याचं प्रकरण मात्र गंभीर. न्यूयॉर्कच्या ‘क्लिअरव्ह्यू एआय’नं इंटरनेटवरचे अब्जावधी फोटो उचलून चेहऱ्यांचा साठा केला. युरोपात आमचं ऑफिस नाही, गिऱ्हाईकही नाही, असं कंपनीचं म्हणणं. युरोपच्या नियामकांना ते पटलं नाही. 2022 मध्ये इटली, ग्रीस आणि फ्रान्सनं प्रत्येकी 2 कोटी युरोंचा दंड ठोठावला. 2024 मध्ये नेदरलँड्सनं 3 कोटी 5 लाखांचा.

आता वसुली कशी करणार? अमेरिकेतल्या कंपनीच्या तिजोरीपर्यंत डच अधिकाऱ्याचा हात पोचत नाही. फ्रान्सनं तर आदेश पाळला नाही म्हणून 2023 मध्ये वर आणखी 52 लाख युरो लावले. डच नियामकानं दुसरी वाट धरली: कंपनीच्या संचालकांनाच व्यक्तिशः जबाबदार धरता येईल का, ते तपासतोय, असं त्यानं जाहीर केलं.