ताटाची डावी बाजू

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते मिठाबद्दल, आणि ज्यांना रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते त्यांच्या जेवणाबद्दल. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ही गोळी असणार. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यावर औषध चालू होतं. म्हणजे जवळपास प्रत्येक चौथा-पाचवा माणूस.

डॉक्टर काय सांगतात हे तुम्हाला पाठ आहे. मीठ कमी करा. आपण घरी येतो आणि आमटीत मीठ कमी घालायला लागतो. श्रोतेहो, माझं म्हणणं असं आहे की आमटी हा त्यातला लहान भाग आहे. मोठा भाग असतो ताटाच्या डाव्या बाजूला. पुन्हा सांगते, ताटाच्या डाव्या बाजूला.

हे मला कुठे कळलं ते सांगते. माझे मामा कराडकडचे. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर शेती बघतात. रक्तदाब बरीच वर्षं आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटल्यावर मामींनी ते मनावर घेतलं. आमटी-भाजीतलं मीठ निम्म्यावर आणलं. ज्वारीच्या भाकरीत त्या मुळातच मीठ घालत नाहीत. मामांनी कुरकुर केली, पण जेवले. आणि तरी दर खेपेला दवाखान्यात पट्टा बांधला की आकडा आपला वरच. गोळी वाढवावी लागणार अशी भाषा सुरू झाली.

त्या वेळी तालुक्याच्या गावात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मामा-मामींबरोबर मीही गेले होते. बाईंनी विचारलं, "मीठ किती खाता?" मामा म्हणाले, "मॅडम, वरून मिठाला हातच लावत न्हाई मी." बाईंनी मान डोलावली, मामींपुढे एक कोरा कागद आणि पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "काकू, काकांचं रोजचं ताट मला यात वाढून दाखवा."

मामी रांगोळी घालणाऱ्या. एका फटक्यात गोल काढला. आणि मग आपली कुठलीही बाई सुरुवात करेल तिथूनच त्यांनी सुरुवात केली. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड. मग लसणीची चटणी. मग मिरचीचा खर्डा. मग आंब्याचं लोणचं. कोशिंबीर. खाली पापड, आणि पापड नसेल त्या दिवशी तळलेली सांडगी मिरची. मग उजवीकडे भाजी, आमटीची वाटी, समोर भाकरी, शेवटी भात आणि ताक.

बाईंनी उजव्या बाजूकडे बघितलंही नाही. पेनाचं टोक एकेका पदार्थावर टेकवत विचारत गेल्या.

"चटणीत मीठ?"

"चवीपुरतं."

"खर्ड्यात?"

"जाडं मीठ लागतंच, त्याशिवाय वाटलाच जात नाही नीट."

"लोणच्यात?"

"आता बाई, लोणच्यात कमी घालून कसं चालंल? बुरशी धरतंय."

"सांडगी मिरचीत?"

"मीठ भरूनच वाळवतो की."

"आणि पापडात?"

"मीठ आन् पापडखार."

तिथे बाई थांबल्या. म्हणाल्या, "काकू, मिठातलं जे सोडियम रक्तदाब वाढवतं, तेच पापडखारातही असतं. शरीराला ते मिठातून आलं काय आणि खारातून आलं काय, सारखंच."

मामी म्हणाल्या, "मी पापड हल्ली भाजून देते." त्यावर बाईंनी सांगितलेलं तुम्हीही लक्षात ठेवा. भाजल्याने तेल वाचतं. मीठ तेवढंच राहतं. तळा नाहीतर भाजा, पापडातलं मीठ तेवढंच राहतं.

मग बाईंनी मामांना विचारलं, "आमटी अळणी लागायला लागल्यापासून लोणचं किती घेता?" मामा गप्प. मामीच बोलल्या, "आधी एक फोड घ्यायचे, आता दोन. आणि खार भाकरीला लावून."

झालं, श्रोतेहो. सगळं कोडं तिथे सुटलं. उजव्या बाजूचं मीठ निम्मं झालं होतं आणि डावी बाजू दुप्पट झाली होती.

येताना एसटीत मामा म्हणाले, "डावी बाजू काढली तर जेवाण कसलं ते?" आणि मला मामांचं हे म्हणणं पटतं. डावी बाजू ही आपल्या जेवणाची शान आहे. तोंडी लावणं नसेल तर भाकरी घशाखाली उतरत नाही. (जाता जाता सांगते, ती खणाखणांची स्टीलची ताटं मला मुळीच आवडत नाहीत. कुठल्याही खणात काहीही वाढतात. गोल ताटात प्रत्येक पदार्थाला जागा ठरलेली असते, कमी काय वाढायचं आणि भरपूर काय वाढायचं हे त्या जागेवरूनच कळतं. लग्नातल्या पंगती गेल्या आणि ही समजही गेली. हातात बशी घेऊन रांगेत उभं राहायचं, याला मी जेवण म्हणत नाही.)

असो. मामींनी डावी बाजू काढली नाही. बदलली. मिठाची चिमूट ताटातून गेली. लिंबाची फोड एकाच्या दोन झाल्या. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली, सणावाराला खाली येते. लसणीच्या चटणीत लसूण आणि सुकं खोबरं वाढलं, मीठ नावाला राहिलं. जवसाची आणि कारळ्याची चटणी आली, तीही तशीच. कोशिंबिरीत मीठ नाही, दही आंबटसर आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. मुठीने फोडलेला कांदा, मुळा, शेतातली मेथीची कोवळी पानं. आमटीत चिंच किंवा आमसूल थोडं जास्त. आंबट आणि तिखट नीट असलं की जीभ मीठ कमी मागते, हे मामींनी करून दाखवलं. ताकात आलं आणि कोथिंबीर.

पहिले काही आठवडे मामांचं तोंड वाकडं होतं. जिभेला सवय मोडायला तेवढा वेळ लागतोच, म्हणून आठ दिवसांत हार मानू नका. नंतर एका बारशाला गेलो होतो, तर मामांनी पहिल्याच घासाला आमटी बाजूला सरकवली. म्हणाले, "खारट केलीया." आम्हाला कोणालाच खारट लागली नव्हती. मामांची गोळी बंद झाली नाही. पण वाढवायची होती, ती वाढली नाही.

म्हणून पुन्हा सांगते, उजवीकडचं मीठ मोजाल तर डावीकडचंही मोजा. आणि ताटाबाहेरचंही. पाव, खारी, फरसाण, बिस्किटं, नूडल्सची मसाल्याची पुडी, सगळ्यात सोडियम आहे. बिस्किट गोड लागतं म्हणून फसू नका.

आता दोन-तीन गोष्टी भरभर. सैंधव किंवा काळं मीठ ही पळवाट नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. उपवासाला सैंधव घातलं म्हणून हात सैल सोडू नका. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत त्याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ साली निष्कर्ष आले, आणि ते मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलं. चांगली गोष्ट आहे. पण ज्यांची किडनी कमजोर आहे, किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका. हे पुन्हा सांगते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि आकडा खाली आला म्हणून आपल्या मनाने गोळी तर कधीच थांबवू नका.

मीठ किती चालेल? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या खिचडीपर्यंत सगळं धरून. घरात हे मोजायची सोपी रीत आहे. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात, माणशी ५ ग्रॅम धरले, तर ती पिशवी निदान ५० दिवस पुरायला हवी. बाहेरचा पाव-फरसाण येत असेल तर त्याहून जास्त. महिन्याच्या आतच डबा खडखडायला लागला, तर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एक कागद घ्या, त्यावर गोल काढा आणि डाव्या बाजूने भरायला सुरुवात करा. उन्हाळ्यात पापड लाटाल, लोणचं घालाल, तेव्हा त्यासाठी आणलेलं मीठ वेगळं लिहून ठेवा, तेही याच हिशेबात धरायचं आहे.

नमस्कार.