विहीर नंबर २६, खरं नाव तिवा

(लांबून शॉट. लाल वाळू, मधोमध लाकडी चौकट.)

ही जी लाकडं उभी दिसतायत ना वाळूत, ती विहीर आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातली, वारसा म्हणून जपलेली. आजूबाजूला जिकडे बघाल तिकडे स्पिनिफेक्सचं टोचरं गवत आणि वाळूच्या टेकड्या, एक चढून उतरलात की समोर दुसरी, गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत रडत जाते. या रस्त्याचं नाव कॅनिंग स्टॉक रूट. उत्तरेला हॉल्स क्रीक, दक्षिणेला विलुना, मधे साधारण १८५० किलोमीटर. रस्ता म्हणायचं म्हणून म्हणायचं, खरं तर ही गुरांची वाट, आणि वाट तरी कशामुळे, तर या विहिरींमुळे. विहिरी काढून टाका, नुसती वाळू उरते.

(पाटीचा क्लोजअप.)

पाटीवर आकडा आहे, २६. एक ते एक्कावन असे आकडे लागलेत सगळ्या पाणवठ्यांना. आकडा लक्षात ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

आता ही भानगड सुरू कुठून झाली, तर गोचिडीपासून. हो, आपल्याकडे गुरांच्या कानामागे चिकटते तीच जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व किंबर्लीतल्या (किंबर्ली म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा गुरांचा मुलूख) गुरांना गोचीडताप होता, म्हणून ती गुरं जहाजात घालून दक्षिणेला न्यायला बंदी. पश्चिम किंबर्लीच्या मालकांचं फावलं, दक्षिणेचा बाजार त्यांच्याच हातात, आणि तिकडे सोन्याच्या खाणींवर गुरांचं मांस महाग. मग डोकं चाललं ते असं, की गुरं वाळवंटातून चालवत आणू, कोरड्या हवेत गोचीड वाटेतच मरेल. गोचिडीसाठी वाळवंट, आणि बैलांसाठी त्याच वाळवंटात पाणी!

पाणी शोधायला सरकारने आल्फ्रेड कॅनिंगला पाठवलं. सर्व्हेयर माणूस, सशांना अडवायचं ते प्रसिद्ध लांबलचक कुंपण आहे ना, त्याची आखणीही यानेच केलेली. मे १९०६ मध्ये आठ माणसं, २३ उंट आणि दोन घोडे घेऊन विलुनाहून निघाला, जानेवारी १९०७ मध्ये हॉल्स क्रीकला पोचला. (उंटांवरून आठवलं, ऑस्ट्रेलियात उंट मुळात मोठ्या संख्येने आले ते कराची बंदरातून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. असो.)

(जुना फोटो. उंटांची रांग.)

या फोटोत न दिसणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. कॅनिंगला पाणी 'सापडलं' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. सापडलं नाही, दाखवायला लावलं. मार्तू आणि इतर आदिवासी माणसांना पकडायचं, साखळ्या घालायच्या आणि म्हणायचं चला, पाणी कुठेय. त्याच्या दहा वर्षं आधी कार्नेगी नावाचा एक जण याच भागातून गेला होता, तो पकडलेल्यांना खारं मांस खायला घालायचा, तहान लागली की आपोआप पाण्याकडे नेतील म्हणून. कॅनिंगच्या तुकडीतल्या आचाऱ्यानेच, ब्लेक त्याचं नाव, परत आल्यावर तक्रार केली. १९०८ मध्ये रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं, कॅनिंगने साखळ्या वापरल्याचं कबूल केलं, पद्धत चूक म्हटलं गेलं आणि कॅनिंग निर्दोष सुटला. त्याच वर्षी विहिरी खणायचं कामही त्यालाच मिळालं.

(विहिरीचं तोंड, कॅमेरा आत वाकलेला.)

आता आत बघा. हा शॉट घ्यायला आमचा कॅमेरावाला पोटावर झोपला होता आणि मी त्याचे पाय धरून बसलो होतो. भिंती दगडाच्या नाहीत, लाकडाच्या. कारण वाळूत खड्डा खणला की काय होतं हे समुद्रकिनाऱ्यावर खेळलेल्या कुठल्याही पोराला माहितीय, बाजू ढासळतात. म्हणून खाली खणत जायचं आणि चारी बाजूंना फळ्या ठोकत जायचं, चौकोनी पेटीसारखं. सगळं हाताने, पहार आणि कुदळ. जोडीला ३१ माणसं, ७० उंट, चार गाड्या, शंभर टन सामान आणि दूध-मटणासाठी २६७ बकऱ्या. बकऱ्या नीट मोजलेल्या आहेत बरं का, २६७! साखळीत किती माणसं होती याचा असा नेमका आकडा कुठे वाचायला मिळत नाही. १९१० पर्यंत ४८ विहिरी झाल्या. काही उथळ, तर ५ नंबरची शंभर फुटांच्या आसपास खोल.

(चाक आणि बादलीचा शॉट, हा पूर्ण चालू द्यावा.)

हे मला सगळ्यात आवडतं. कारण ही सरळसरळ मोट आहे हो. आमच्या गावाकडची. विहिरीवर चाक, चाकावरून दोर, दोराच्या एका टोकाला बादली, दुसऱ्या टोकाला जनावर. आपल्याकडे बैल धावेवरून उतरत जायचे आणि मोट वर यायची, इथे उंट किंवा घोडा सपाट वाळूत पुढे चालत जातो. फरक एवढाच की आपल्या मोटेला सोंड असायची, ती थारोळ्यात आपोआप ओतली जायची. इथे काठावर एक माणूस उभाच राहणार, बादली आली की धर, कलंडव, सोड, परत धर. आणि पन्हाळीसारखी ही जी लांब पत्र्याची कुंडी दिसतेय, तिच्यात पाणी जाणार. ही वाट आखली होती आठशे गुरांचा कळप धरून. एका बैलाला दिवसाचं चाळीसेक लिटर धरा, बत्तीस हजार लिटर होतात, सगळं बादलीने! रात्र उलटून जात असणार काठावरच्या त्या माणसाची.

आणि एवढं करून कळप आले किती? १९११ ते १९३१ मध्ये फक्त आठ.

त्याचं कारण ३७ नंबरच्या विहिरीवर. तिथे आम्हाला थांबता आलं नाही त्यामुळे दृश्यं नाहीत. १९११ मध्ये तिथे पहिल्या गुरांच्या कळपाबरोबरचे तिघे मारले गेले, थॉमसन, शूस्मिथ आणि एक आदिवासी गुराखी. मग पोलिसांची तुकडी आली आणि तिने निदान दहा आदिवासींना ठार केलं.

(परत चौकट, संध्याकाळचा उजेड.)

आदिवासी लोकांनी विहिरी मोडल्याही. का मोडू नयेत? बहुतेक विहिरी त्यांच्याच पाणवठ्यांवर खणलेल्या, आधी हाताने वाळू उकरून पाणी पिता यायचं तिथे आता खोल खड्डा आणि वर हाताने फिरवायचा जड रहाट. दांडा हातातून सुटला की हाड मोडायचं, काही जण आत पडले. १९२९ मध्ये विल्यम स्नेल दुरुस्तीला आला, त्याला हे बघवलं नाही आणि त्याने आत उतरायला शिड्या बसवायचं मनावर घेतलं. एक शिडी, एवढंच, ते सुचायला वीस वर्षं गेली. त्याने काम अर्ध्यात सोडलं, आणि ते पुरं करायला परत आणलं कोणाला, तर सत्तरीच्या कॅनिंगला! शेवटचा कळप गेला १९५९ मध्ये, मग विहिरी वाळूने भरत गेल्या. ही २६ नंबरची स्वयंसेवकांनी १९८३ मध्ये परत उभी केली म्हणून आज आपल्याला चाक फिरताना दिसतंय.

(गाडीतून, पुढचा रस्ता.)

तर आकडा. २६ म्हणजे तिवा, हे तिथल्या लोकांचं जुनं नाव. ३३ म्हणजे कुनावारित्जी, त्याच्या जवळच रोव्हर थॉमस जन्मला, ज्याची चित्रं १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात ऑस्ट्रेलियातर्फे लागली. ४० म्हणजे नातावालू, तिथून १९५७ मध्ये एका आजारी पोराला हेलिकॉप्टरने उपचाराला नेलं, तो पुढे मोठा चित्रकार झाला आणि नाव काय पडलं, हेलिकॉप्टर जुंगुरायी. २००२ मध्ये मार्तूंचा इथल्या मोठ्या भागावरचा हक्क कोर्टाने मान्य केला, आता या वाटेवर यायचं तर परवाना घ्यावा लागतो.

कुनावारित्जीला डिझेल मिळतं. आम्ही तिथे थांबलो, टाकी भरली, दुकानातून थंड पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. दुकानावरच्या पाटीचा शॉट घेतलाय. तिच्यावर आकडा नाही.